गुर्द्यांचं आख्यान

दानीएल उजागरे मास्तरांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे, जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवण्यात सगळी नोकरी गेली, पण त्यांनी कधी कुणावर छडी उगारली नाही. दुसरी म्हणजे त्यांचं कीर्तन. पहिल्या गोष्टीबद्दल त्यांना कधी कुणी विचारलं नाही, आणि दुसरीबद्दल कुणी विचारायची ते वाट बघत नसत.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तन ही पिढ्यांची चालत आलेली गोष्ट. खांद्यावर उपरणं, हातात झांजा, मागं पेटी-तबला, आधी पूर्वरंग, मग आख्यान. फक्त आख्यान अब्राहामाचं नाहीतर रूथचं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं. नगरच्या माणसाला त्या नवलाचं नवल वाटतं. मास्तर निवृत्त होऊन राहात्याला, पेरूच्या बागांच्या कडेला घर बांधून राहिले तेव्हापासून त्यांनी हे काम पूर्णवेळ अंगावर घेतलं होतं. पेटीवर रॉबिन. त्याचं राहात्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि शाळेत तो मास्तरांचा विद्यार्थी होता. व्याकरणात तो कधी पास झाला नाही, पण सुरात चुकत नसे. मास्तरांनी त्याला दोन्हींसाठी माफ केलं होतं.

गुर्द्यांचं आख्यान त्यांच्या हाती लागलं ते रद्दीतून. एका जुन्या मिशन बंगल्यातली पुस्तकं वजनावर निघाली तेव्हा मास्तरांनी शास्त्रावरच्या, म्हणजे बायबलवरच्या, टीकाग्रंथांचं एक खोकं उचललं. ग्रंथ इंग्रजी होते आणि वाळवीनं ते मधूनमधून संक्षिप्त केले होते. उरलेल्या मजकुरातून मास्तरांना कळलं की जुन्या इस्राएली लोकांनी माणसाचा विचार डोक्यात ठेवलेलाच नव्हता. मेंदूसाठी त्यांच्या शास्त्रात शब्दसुद्धा सापडत नाही. विचार करायचा तो हृदयानं. दया यायची ती आतड्यांत. शोक झाला की यकृत जमिनीवर सांडायचं. आणि माणसाचं अगदी आतलं, त्याचं त्यालाही धड न दिसणारं जे काही असतं, ते राहायचं मूत्रपिंडांत. देव माणसाची पारख करायचा ती तिथं. मराठी शास्त्रात जिथं जिथं 'अंतर्याम' असा गोंडस शब्द येतो, त्यातल्या बऱ्याच जागी मुळात ही दोन मूत्रपिंडं आहेत. भाषांतर करणारी मंडळी सभ्य होती. देवळात लघवीशी संबंधित काही नको, असं त्यांना वाटलं असणार.

मास्तरांमधला मराठीचा शिक्षक या अन्यायानं पेटला. मराठीनं शरीरातल्या बहुतेक अवयवांना भावनेच्या कामाला लावलेलं आहे. आपलं आतडं तुटतं, काळीज फाटतं, पोटात कालवतं, पित्त खवळतं, डोकं फिरतं. सगळ्यांना नोकऱ्या आहेत. एकट्या मूत्रपिंडांना नाही. ती नोकरी मिळवून द्यायचं मास्तरांनी ठरवलं.

शब्द कुठला वापरायचा इथपासून अडचण होती. 'मूत्रपिंड' म्हटलं की पोरं हसतात, 'किडनी' म्हटलं की दवाखाना आठवतो. शेवटी त्यांनी मटणाच्या दुकानातला 'गुर्दा' घेतला, आणि शब्दाबरोबर वस्तूही बघून यावी म्हणून ते एका रविवारी दुकानात जाऊन उभे राहिले.

"इतकी वर्षं मटण आणा म्हटलं तर गर्दी असते म्हणत होता," त्यांच्या पत्नी कृपाबाई म्हणाल्या. "शास्त्रात निघालं तेव्हा बरी वाट सापडली."

पण तिथं मास्तरांना खरोखर काहीतरी दिसलं. खाटकानं बोकडाचं पोट उघडलं, आतडी काढली, कलेजी काढली, फुप्फुसं काढली. आता संपलं असं वाटत असताना त्यानं पार पाठीच्या कण्यापर्यंत हात घातला आणि पांढऱ्या चरबीच्या गोळ्यांतून दोन गुर्दे सोलून काढले. मास्तरांना उमगलं ते असं: ज्या माणसांनी आयुष्यभर देवापुढं बोकड कापले, त्यांचा हात सगळ्यात शेवटी पोचायचा तो इथं. म्हणून हीच सगळ्यांत आतली खोली. म्हणून यज्ञात गुर्दे आणि त्यांच्यावरची चरबी देवाचा वाटा. तो याजकानंसुद्धा खायचा नाही. मास्तरांनी त्या दिवशी अर्धा किलो मटण घेतलं, पण गुर्दे घेतले नाहीत.

आख्यान उत्तम बसलं. पूर्वरंगात मिसरी, म्हणजे इजिप्तचे, लोक मेल्यावर हृदय तोलायचे आणि मेंदू फेकून द्यायचे ते येई. आपल्याकडच्या ऋषींनी मनाला हृदयाच्या गुहेत बसवलं तेही येई, म्हणजे गावातली हिंदू मंडळी मागं उभी असली तर त्यांनाही घरचं वाटावं. मग मास्तर झांजा थांबवून स्वतः रचलेली ओवी म्हणत:

*दोन साक्षीदार आत । बसले चरबीच्या काळोखात ।*
*ओठ खोटे बोलतात । ते ऐकती ॥*

आणि त्यानंतर, पेटी अगदी हळू असताना, त्यांचं ते वाक्य येई: "रात्री कूस बदलताना कमरेत कळ येते ना? ते दुखणं नाही. ते गुर्दे बोलतात. दिवसा जे सांगायचं राहिलं, ते सांगतात."

शास्त्रात एवढंच होतं की गुर्दे रात्री माणसाला बोध करतात. कळ मास्तरांची होती. कीर्तनाला थोडं मीठ लागतं.

मिरजगावजवळच्या एका वस्तीवर सुगीच्या सणाला त्यांनी हे आख्यान लावलं. देवळासमोर मांडव, वेदीपाशी मंडळीनं आणलेली ज्वारीची कणसं, डांगर, अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव. कोंबडा पूर्वरंगात दोनदा ओरडला आणि मास्तरांनी दोन्ही वेळा, कोंबडा आरवायच्या आत येशूची ओळख नाकारणाऱ्या पेत्राचं नाव घेऊन हशा मिळवला. दिवस चांगला होता. बायकांमध्ये दुसऱ्या रांगेत एक साठीची बाई बसली होती. कळेचं वाक्य आलं तसा तिचा हात कमरेकडं गेला.

मास्तरांनी तो हात पाहिला. मांडवात ज्याच्यासाठी बोलायचं असा एक माणूस प्रत्येक कीर्तनकाराला लागतो, आणि तो सापडला की कीर्तन चढतं. मास्तर तिच्याकडं वळले. तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, आणखी हळू. रॉबिननं न सांगता सूर खाली आणला. बाईनं पदर डोळ्यांना लावला. मास्तरांनी तिसऱ्यांदा म्हटलं.

जेवणं झाल्यावर ती त्यांच्याकडं आली. नाव बायडाबाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, धाकटी जाऊ स्टेला शेजारच्याच घरात राहते, पण दोघींत बोलणं बेताचं.

"सलाम, मास्तर," ती म्हणाली. "तुमी म्हनला ना, तितंच दुखतं. रातचंच दुखतं. दोनी बाजूंनी."

"हं."

"एक गोष्ट मनात हाय. लई वर्सं झाली. ज्याला सांगायची त्याला सांगितली, तर थांबंल का?"

मास्तर श्रीखंड खाऊन बसले होते. बाई उभी होती, म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर तिचे पाय होते. पाय घोट्यापासून टरारले होते, चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता, आणि पट्टा सरकला तिथं खोल वळ उठला होता. मास्तरांच्या आईचे पाय शेवटच्या वर्षी असेच दिसायचे. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. ते पाय कशानं सुजतात हे तेव्हा डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं होतं. मास्तरांना हे सगळं त्या क्षणी आठवलं. अर्धवट नाही, पूर्ण आठवलं.

"सांगून टाका, बाई," ते म्हणाले. "हलकं वाटेल."

मग लिलाव सुरू झाला. मास्तरांनी एक डांगर घेतलं.

पुढचं त्यांना कळलं ते रॉबिनकडून, बऱ्याच महिन्यांनी. रॉबिन दुकानातून जाता जाता आला तो खुशीत होता.

"गुरुजी, मिरजगावकडं तुमचं लई नाव झालंय. ती रडणारी बाई आठवते? तिनं कीर्तन ऐकून घरी जाऊन जावेपुढं पाप कबूल केलं."

"कसलं पाप?"

"जावेच्या पोरीला श्रीगोंद्याचं स्थळ आलं होतं, पोरगा साखर कारखान्यात नोकरीला. पाहुणे चौकशीला हिच्या दारात आले, तर हिनं सांगितलं, पोरगी डोक्यानं जरा मंद हाय. पाहुणे तिथूनच परत. पोरीचं पुढं दुसरीकडं चांगलं झालं म्हणा. पण पहिलं का मोडलं ते जावेला कधी कळलं नव्हतं. हिनं स्वतःहून सांगितलं. अख्खी वस्ती म्हणते, काय कीर्तन असेल."

"आणि आता बरी आहे का ती?"

"कोण, बायडाबाई? नाही, ती डायलिसिसवर आहे. दोन्ही किडन्या गेल्या." रॉबिननं पेरूची फोड तोंडात टाकली. "या सुगीलाही तेच आख्यान पाहिजे म्हणतात."

एवढ्यावरून मास्तरांना बाकीचं स्वतःच जुळवता आलं. बाईनं सांगून टाकलं. दुखणं थांबलं नाही. जावेनं बोलणं बंद केलं. म्हणजे माफी मिळाली नाही म्हणून दुखणं आहे, असं बाईनं धरलं, आणि माफी मिळेपर्यंत उपास केले, प्रार्थना केल्या. दवाखान्यात गेली नाही, कारण मास्तरांनी तीनदा, पेटीच्या साथीवर सांगितलं होतं की ते दुखणं नाही.

त्यांनी तेव्हाच जायला हवं होतं. गेले नाहीत. आधी सर्दी होती, मग एक लग्न होतं, मग नगर-मनमाड रस्त्याचं काम चालू होतं. त्या रस्त्याचं काम मास्तर शाळेत होते तेव्हापासून चालू होतं, पण कारण म्हणून ते याआधी कधी लागलं नव्हतं. आणि त्याच दिवसांत त्यांची कंबर दुखायला लागली. डाव्या बाजूला, रात्री, कूस बदलताना.

कृपाबाईंनी काही दिवस हे कण्हणं ऐकलं आणि त्यांना धरून तपासायला नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "काका, या वयात इतक्या चांगल्या किडन्या मी कमी बघतो. जपून ठेवा."

बाहेर आल्यावर कृपाबाई म्हणाल्या, "झालं समाधान? आता सांगा काय दुखतंय."

मास्तरांनी सांगितलं. कमरेवरचा हात, तिसऱ्यांदा म्हटलेलं वाक्य, चपलेचा पट्टा, सगळं. कृपाबाईंनी आधी रस्ता ओलांडला.

"तुम्ही आईंच्या पायांना रोज तेल लावत होता," त्या मग म्हणाल्या. एवढंच. घरी येऊन त्यांनी जेवायला वाढलं, पण लोणचं विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत स्टेलाचा फोन आला.

"सलाम, मास्तर. मी बायडाबाईची जाऊ बोलते. ती मशीनवर जायला न्हाई म्हनती. एक पाळी चुकवली. उद्या दुसरी हाय, दुपारची. तुमी या."

"मी येऊन काय करू?"

"तुमचंच शास्त्र सांगती ती. डॉक्टरचं त्याच्यापुढं चालंना, माजंबी न्हाई. तुमी लावलंय, तुमीच काडा."

मास्तर पहाटेच्या एसटीनं निघाले. गाडीवर पाटी अहिल्यानगरची होती, कंडक्टर नगर-नगर ओरडत होता, आणि प्रवासी दोन्हीतल्या कशालाही हरकत न घेता बसत होते. मास्तरांनी खिडकीला डोकं टेकून काय बोलायचं ते मनात जुळवायला घेतलं. सवयीनं त्याचा पूर्वरंग झाला. त्यांनी तो टाकून दिला. दुसरा झाला. नगरला गाडी बदलून मिरजगावला उतरेपर्यंत त्यांनी बरेच पूर्वरंग टाकले होते, आणि आख्यान एकही उरलं नव्हतं.

बायडाबाई दारातल्या लिंबाखाली बाजेवर बसली होती. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते, आणि दोन वाक्यांच्या मध्ये तिला श्वास गोळा करावा लागत होता. शेजाऱ्याची ओम्नी दारात तयार उभी. स्टेला हातात पिशवी घेऊन उंबऱ्यावर. ती उंच, हडकुळी बाई होती आणि रात्रभर जागी असावी.

"सलाम, मास्तर," बायडाबाई म्हणाली. "हिनं बोलावलं जनू."

"हो."

"मंग हिला समजावून सांगा. मी दमले सांगून. पाप हुतं तवर दुखलं. मी सांगून टाकलं. हिनं माफ करायला येळ लावला, तवर किडन्या बसल्या. मी पडले तवा हिनंच मला उचलून न्हेलं, तितं दवाखान्यातच माफ बी केलं. व्हय का न्हाई गं?"

"केलं," स्टेला म्हणाली. "लाख येळा सांगितलं, केलं."

"मंग? फिटलं न्हवं का आता? देवानं पारख केली, मी पास झाले. पास झाल्यावर पुन्ना परीक्षेला कोन बसतं? मशीनवर गेले म्हंजी माजा इस्वास न्हाई असं झालं."

"हे डॉक्टरलाबी सांगितलं हिनं," स्टेला म्हणाली. "डॉक्टर म्हनला, आजी, मी नुस्ता एम.डी. हाय."

मास्तर बाजेसमोर खुर्चीवर बसले. समोर तेच पाय होते.

"बायडाबाई," ते म्हणाले, "ज्यांनी शास्त्र लिहिलं, त्यांनी गुर्दे बघितले ते कापलेल्या बोकडात. अगदी आत, चरबीत लपलेले. म्हणून त्यांना वाटलं, माणसाचं मन इथंच असणार. गुर्दे रक्त गाळतात, त्यांना लघवीचं काम असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं."

वाक्य संपल्यावर त्यांनी नकळत पेटीसाठी मागं वळून बघितलं. मागं शेळी होती.

"त्यान्ला ठावं नव्हतं. देवाला तर हुतं?"

"देवाला होतं."

"मंग देवानं त्यान्ला सांगितलं का न्हाई?"

"त्यांनी विचारलं नसेल."

"कीर्तनात तुमी असं न्हाई बोलला."

"नाही बोललो." मास्तरांनी उपरणं चाचपलं, ते आणलंच नव्हतं. "आपण म्हणतो काळीज फाटलं. म्हणून कुणी काळजाला टाके घालतं का? ते बोलणं असतं, बाई. तसंच हे."

"माज्या सासूचं काळीज फाटलं," बायडाबाई म्हणाली. "तिचा थोरला ल्योक गेला तवा. धा दिसांत गेली. टाकं कुनी घातलं न्हाईत म्हनून तर गेली."

स्टेलानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ओम्नीवाल्यानं घड्याळाकडं बघितलं. मास्तरांनी आणखी दोन दाखले दिले, आणि बायडाबाईनं ते दोन्ही त्यांच्याच कीर्तनातली वाक्यं वापरून परतवले. तिला आख्यान पाठ होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, तेसुद्धा. मास्तरांनी एवढा चांगला श्रोता कधी बघितला नव्हता, आणि त्यांना आपल्याच ओळी कधी इतक्या नकोशा झाल्या नव्हत्या.

"मास्तर," स्टेला मध्येच म्हणाली, "एक इचारू? त्या दिवशी ही तुमच्याजवळ आली हुती. तवाच पाय असं सुजल्यालं हुतं. तुमी बगितलं नव्हतं का?"

नाही म्हणायला जागा होती. मांडवात गर्दी होती, जेवणं चालली होती, पायांकडं कोण बघतं. स्टेलानं ते मानलंही असतं.

"बघितले होते," मास्तर म्हणाले.

"आन् कळलं न्हाई?"

"कळलं होतं. माझी आई अशीच सुजली होती. ती त्यातच गेली."

बायडाबाईनं श्वास गोळा केला.

"मंग का न्हाई बोलला?"

"तुम्ही रडत होता," मास्तर म्हणाले. "माझं ऐकून रडत होता. मला ते बरं वाटत होतं. दवाखान्यात जा म्हटलं असतं, तर कीर्तन तिथंच संपलं असतं."

हे वाक्य त्यांनी कृपाबाईंनाही सांगितलेलं नव्हतं. ते त्यांना स्वतःलाही बोलून झाल्यावरच कळलं.

बायडाबाई त्यांच्याकडं बारीक डोळ्यांनी बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. पण शेतकरी बाई बाजारात बैलाच्या दातांकडं बघते तसं ते बघणं होतं.

"मंग तुमाला दुखत असंल," ती म्हणाली.

"दुखतं."

"कुटं?"

"इथंच. कमरेत."

"रातचं?"

"रात्रीच."

"मंग तुमच्या बी किडन्या गेल्या असत्याल."

"नाही. तपासल्या." हे सांगताना त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली. "उत्तम आहेत. डॉक्टर म्हणाला, या वयात इतक्या चांगल्या दिसत नाहीत."

बायडाबाईनं हे ऐकून घेतलं. मग तिनं ते बोटांवर मांडल्यासारखं, एकेक करून मांडलं.

"म्हंजी तुमी सारं बगून गप ऱ्हायला, आन् तुमच्या किडन्या धडधाकट."

"हो."

"आन् माजं पाप फिटलं, हिनं माफ केलं, आन् माज्या सडल्या."

"हो."

"मंग ह्याचा त्याचा संबंदच न्हाई."

"नाही."

"कायबी?"

"कायबी नाही, बाई."

लिंबाचं एक पान बायडाबाईच्या मांडीवर पडलं, ते तिनं उचलून बाजूला ठेवलं. मास्तरांना वाटलं, आपण या बाईचं काहीतरी कायमचं काढून घेतलं. तिच्या एवढ्या दुखण्याला एक अर्थ होता, आता नुसतं दुखणं राहिलं. ते काही बोलणार होते, पण तिनं स्टेलाकडं मान वळवली.

"पिसवी घे," ती म्हणाली. "आन् त्यान्ला म्होरं बसव. मला मागं पाय लांब करायला लागत्यात."

मांदळी गाव मागं पडल्यावर मास्तर पुढच्या सीटवरून न वळता म्हणाले, "बायडाबाई, मला माफ करा."

"मी मागितली तवा हिनं लई म्हयनं घेतलं," मागून आवाज आला. "मीबी घेनार. घाई करू नका."

स्टेला पहिल्यांदाच हसली. मास्तरांना त्या हसण्याचा आधार वाटला आणि आधार वाटला याचीही लाज वाटली.

डायलिसिसच्या खोलीत ओळीनं खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेशेजारी एक यंत्र. बायडाबाईचं रक्त नळीतून बाहेर जात होतं, गाळून परत येत होतं. मास्तर ते बघत बसले. दोन साक्षीदार आत असतात ते असं काम करतात. त्यांनी ओवी रचताना हे मनातही आणलं नव्हतं. डॉक्टर फेरीवर आला तेव्हा त्यानं सांगितलं की मूतखडे जुने होते, दोन्हीकडं वाट अडली होती. वेळेत आली असती तर एक तरी वाचली असती. डॉक्टर हे सगळ्या नातेवाइकांना सांगतो त्याच सुरात बोलला. मास्तरांना तो नातेवाईक समजला होता.

त्यानंतर ते दर आठवड्याला तिच्या एका पाळीला नगरला जाऊ लागले. कृपाबाई पिशवीत डब्याबरोबर पेरू घालू लागल्या; बायडाबाईला पेरू चालत नाही असं कळल्यावर स्टेलासाठी म्हणून घालू लागल्या. लोणचंही परत विचारू लागल्या, पण त्याला वेळ लागला.

सुगी जवळ आली तसा रॉबिन आला. "गुरुजी, वस्तीवाले गुर्देच मागतायत. बाई बसणार आहे म्हणे पहिल्या रांगेत."

"योना लावू," मास्तर म्हणाले.

"माशानं गिळलेला योना तर रविवारच्या शाळेतली पोरंसुद्धा सांगतात."

"त्यात पोट एकच आहे, आणि तेही माशाचं."

योनाचं आख्यान बेताचंच झालं. लोकांनी सभ्यपणे ऐकलं. कोंबडा ओरडला तेव्हा मास्तर पेत्रावर काही बोलले नाहीत. शेवटी, लिलाव सुरू होण्याआधी, ते झांजा खाली ठेवून म्हणाले की ज्यांचे पाय सुजत असतील त्यांनी तपासून घ्यावं, आणि हे कीर्तनात धरू नये. मंडळीनं ते कीर्तनात धरलं आणि मोठ्यानं आमेन म्हटलं. पहिल्या रांगेत बायडाबाईनं जांभई दिली.

पुढच्या पाळीला ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते. स्टेला चहा आणायला गेली होती.

"मास्तर, योना काय जमला न्हाई."

"नाही जमला."

"दुखतं का अजून?"

"दुखतं."

"कुटं?"

मास्तरांनी हात उचलला. आधी तो सवयीनं कमरेकडं गेला, पण तिथं आता काही नव्हतं. कळ कधी थांबली ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. हात पोटावर आला, मग छातीवर, मग क्षणभर कपाळापाशी. आयुष्यभर लोकांना अवयव वाटत आलेल्या माणसाचा हात शेवटी काही न सापडल्यासारखा मांडीवर परत आला.

बायडाबाई हे सगळं बघत होती. तिनं नळी नसलेला हात पांघरुणात घेतला आणि डोळे मिटले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सापडलं म्हंजी सांगा."